डिस्क क्लीनअपनं पुसलेले बाबांचे ग्राफ परत कसे मिळवायचे?

पत्र:

ताई, मी जुळे सोलापूरला राहते. माझे सासरे पूर्व भागातल्या चादर कारखान्यांसाठी जेकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) ग्राफ काढायचे. मागच्या वर्षी ते गेले. माळ्यावर त्यांच्या ग्राफ पेपरच्या गुंडाळ्या होत्या, त्यातल्या काहींना वाळवी लागली होती. म्हणून मी ठरवलं की सगळं कम्प्युटरवर घ्यायचं. मोठे कागद नवी पेठेतल्या एका झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतले, त्यांनी ते मेलवर पाठवले. बाकीच्या कागदांचे फोटो भाच्यानं मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर टाकले, ते मी कम्प्युटरवर उतरवून घेतले. सगळं डाउनलोड्समध्येच एक फोल्डर करून ठेवलं होतं. वाळवीचे कागद स्कॅन झाल्यावर टाकून दिले.

गेल्या आठवड्यात सी ड्राइव्ह लाल दिसायला लागला. आमच्या पहिल्या कम्प्युटरच्या वेळी दुरुस्तीवाल्या मुलानं शिकवलं होतं, तसंच केलं. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप, सगळ्या चौकटींवर टिक, ओके. नंतर बघते तर डाउनलोड्स रिकामं. रिसायकल बिनमध्येही काही नाही. हा कम्प्युटर भावजींनी त्यांच्या ऑफिसातला जुना दिलेला आहे. विंडोज १०, १ टीबीची हार्ड डिस्क, अपडेट बंद करून ठेवलेले. भावजी म्हणाले, "नसता उद्योग कुणी सांगितला होता?" सासूबाईंना अजून सांगायचं धाडस झालेलं नाही. त्या दिवसापासून मी कम्प्युटर चालूच केलेला नाही. काही परत मिळेल का? आणि सासूबाईंना काय सांगू?

– एक सून, जुळे सोलापूर

उत्तर:

तुम्ही कम्प्युटर बंद ठेवलात, हे फार बरं झालं. तो तसाच बंद राहू द्या. "एकदा चालू करून बघू, कुठे दुसरीकडे गेलंय का" असं घरातलं कुणी म्हणालं तरी बटण दाबू देऊ नका. मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं पहिलं सगळं काम मोबाइलवरून आणि पायी होणारं आहे.

बंद का ठेवायचा ते आधी सांगते, म्हणजे घरातल्यांनाही समजावता येईल. तुमच्या मशीनमध्ये साधी, फिरणारी हार्ड डिस्क आहे. अशा डिस्कवरून फाइल पुसली जाते तेव्हा विंडोज आपल्या नोंदीत "ही जागा आता मोकळी" एवढंच लिहितं. फाइलचा मजकूर त्याच जागी पडून असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच तो खरा जातो. आणि विंडोज नुसतं चालू झालं तरी लिहीत सुटतं: तात्पुरत्या फाइली, ब्राउझरचा साठा, कुठलं तरी अपडेट. त्यातून तुमचा सी ड्राइव्ह भरत आलेला होता, म्हणजे नवीन लिखाणाला जागा होती ती मुख्यतः तुम्ही नुकतीच मोकळी केलेली. चालू न केल्यामुळे ती जागा बहुतांशी जशीच्या तशी असणार. (लॅपटॉप वापरणाऱ्या वाचकांसाठी: एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज डिस्कलाच कळवतं आणि डिस्क ती स्वतःहून साफ करते. मग परत मिळण्याची आशा फार थोडी उरते.)

आता, चूक कुणाची? तुमच्या पत्रातला निम्मा भार या प्रश्नाचा आहे, म्हणून तो मी मागे ठेवत नाही.

डिस्क क्लीनअप हे टूल विंडोज ९८ पासून आहे. वीस वर्षं त्याच्या यादीत फक्त टाकाऊ माल असायचा: टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स, जुन्या अपडेटचा कचरा, रिसायकल बिन. "सगळ्यावर टिक कर आणि ओके दे" हा सल्ला त्या काळात चालून जायचा. दुरुस्तीवाल्या मुलानं तुम्हाला चुकीचं शिकवलं नव्हतं. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ नावाचं अपडेट आलं आणि त्याच यादीत डाउनलोड्स हा माणसाचा खासगी फोल्डर आणून बसवला गेला. यादीत आधीपासून "डाउनलोडेड प्रोग्रॅम फाइल्स" नावाची एक निरुपद्रवी ओळ होतीच. तिच्यासारखंच दिसणारं नाव, तशीच चौकट. डाउनलोड्सच्या ओळीवर क्लिक केलं तर खाली बारीक अक्षरात सूचना येते की या तुमच्या वैयक्तिक फोल्डरमधल्या फाइली आहेत. पण चौकटींवर भराभर टिक करत खाली जाणाऱ्या माणसाची नजर तिथे जात नाही. शेवटी "कायमचं पुसायचं का?" असं विचारतात, ते तर आधीही विचारायचे. आणि इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जातच नाही.

हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. कचरा उचलायच्या यादीत घरचा माल ठेवणं हा रचनेचा दोष आहे. मायक्रोसॉफ्टनंही २०२० च्या मे महिन्यात आलेल्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत ती ओळ डिस्क क्लीनअपमधून काढून टाकली. तुमच्या कम्प्युटरचे अपडेट बंद होते, म्हणून तो त्या मधल्या काळातच अडकून राहिला. हे मी भावजींवर उलटवायला सांगत नाही. त्यांनी कम्प्युटर दिला तो चांगल्या मनानं, आणि अपडेट बंद ठेवणारी हजारो ऑफिसं आहेत. पण "नसता उद्योग" हा शब्द मात्र मला लागला. वाळवी लागलेले कागद कुणी तरी उचलून स्कॅनला नेले नसते, तर आज शोधण्यासारखंही काही राहिलं नसतं. तुमच्या घरात तो उद्योग करणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.

आता कामाचं.

डाउनलोड्समधली एकही फाइल तिथे जन्मत नाही. ती कुठून तरी आलेली असते, कुणी तरी पाठवलेली असते, आणि पाठवणाऱ्याकडे बऱ्याचदा अजून असते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर शोधायच्या आधी लोक हे करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या बाबतीत तर वाटा स्पष्ट आहेत.

झेरॉक्सवाल्यांची मेल आधी बघा. मोबाइलवर जीमेल उघडा, त्यांच्या पत्त्यानं शोधा आणि अटॅचमेंट असलेल्याच मेल दाखवायला सांगा. कम्प्युटरवर उतरवून घेतली म्हणून मेलमधली फाइल जात नाही. मेल डिलीट केली असेल तर ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, तिथेही बघा. टाकून दिलेले वाळवीचे कागद मोठे होते आणि याच दुकानात स्कॅन झाले असतील, तर ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणी आहे ते कदाचित दहा मिनिटांत परत हातात येईल. मेल मिळाली तरी दुकानात जाऊन याच. अशा दुकानांत स्कॅन केलेली मूळ फाइल त्यांच्या मशीनवर एका फोल्डरमध्ये पडते आणि फोल्डर भरला की ते सरसकट साफ करतात. मेलवर पाठवताना त्यांनी फाइल लहान केली असेल तर मोठी, स्वच्छ प्रत तिथेच असेल. पेनड्राइव्ह घेऊन जा. उद्यावर टाकू नका.

मग भाचा. त्याला आजच्या आज फोन करा आणि पहिलं वाक्य हे सांगा: मोबाइलमधलं काहीही डिलीट करू नकोस, जागा मोकळी करायची सूचना आली तरी हो म्हणू नकोस, फोन रीसेट करू नकोस. त्यानं कॅमेऱ्यानं काढलेले मूळ फोटो त्याच्या गॅलरीत असतील. गॅलरीतून काढले असतील तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघायला सांगा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. तेही नसले तर व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये पाठवलेल्या फोटोंचा वेगळा फोल्डर असतो. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरही व्हॉट्सॲप इमेजेसमध्ये बघा. ते फोटो तुमच्या फोनवर आपोआप उतरलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो ग्राफसाठी फार महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो "फोटो" म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. वाढदिवसाच्या फोटोला त्यानं काही बिघडत नाही. पण ग्राफ पेपरवर एकेक बारीक चौकोन म्हणजे एकेक धागा. उभी रांग ताण्याच्या धाग्याची, आडवी ओळ बाण्याची. चौकोन भरला असेल तर त्या ठिकाणी ताण्याचा धागा उचलायचा, मोकळा असेल तर खाली ठेवायचा. अशी एकेक आडवी ओळ वाचून पंचिंगवाला एकेक कार्ड भोकं पाडून तयार करतो. दाबलेल्या फोटोत शेजारचे दोन चौकोन एकमेकांत मिसळले की डिझाइनच वाचता येत नाही. म्हणून भाच्यानं या वेळी प्रत्येक फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचा, किंवा सरळ गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये टाकायचा. आणि ज्या ग्राफचे कागद अजून माळ्यावर आहेत, त्यांचे जुने फोटो शोधण्यात वेळ घालवू नका. ते कागद खाली काढा आणि नीट स्कॅन करून घ्या, ३०० डीपीआय किंवा जास्त, पीएनजी किंवा टिफ फाइलमध्ये.

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप टाका. कशी सुरुवात करू म्हणून अडू नये यासाठी मजकूरच देते:

"नमस्कार. बाबांच्या ग्राफचे कम्प्युटरवर ठेवलेले फोटो पुसले गेले आहेत. आमच्याकडून तुम्हाला आलेला एखादा जरी फोटो मोबाइलमध्ये असेल तर कृपया डिलीट करू नका, मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाबांनी डिझाइन केलेली चादर तुमच्या घरी असेल तर तेही कळवा."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय, त्याकडे मी येतेच.

हे सगळं करून काय मिळालं आणि काय राहिलं याची वहीत यादी करा. जे राहिलं त्याच्यासाठी आता हार्ड डिस्क. दुरुस्तीवाल्याकडे अख्खा कम्प्युटर नेला तरी चालेल, पण तो चालू न करता डिस्क बाहेर काढायची आणि दुसऱ्या कम्प्युटरला जोडायची. त्यासाठी साटा ते यूएसबी अशी साधी केबल मिळते, जवळपास प्रत्येक दुकानात असते. मग त्या दुसऱ्या कम्प्युटरवरून तुमची डिस्क वाचायची आणि सापडलेल्या फाइली तिसरीकडे, म्हणजे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या. तुमच्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा: यावर काही इन्स्टॉल करायचं नाही, फॉरमॅट नाही, विंडोज पुन्हा टाकायचं नाही. तो "विंडोज नवीन टाकतो, मग बघू" म्हणाला तर डिस्क उचला आणि दुसऱ्या दुकानात जा. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या हातात ही डिस्क द्यायची नाही.

यासाठी महागडं काही लागत नाही. मायक्रोसॉफ्टचंच विंडोज फाइल रिकव्हरी नावाचं फुकट टूल आहे. ते २००४ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर चालतं, म्हणजे दुकानातल्या नव्या कम्प्युटरवर चालेल. त्यात काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. सोपं हवं असेल तर रिकुव्हा आहे. या दोघांना जमलं तर फाइली नावासकट आणि फोल्डरसकट परत येतात. नाही जमलं तर फोटोरेक नावाचं, तेही फुकट, टूल आहे. ते नोंदी बघतच नाही. अख्ख्या डिस्कवर जेपीजीची, पीडीएफची सुरुवात कशी असते ती खूण शोधत जातं आणि सापडेल ते काढून देतं. त्यात नावं जातात, हजारो फाइली नुसत्या आकड्यांच्या नावानं मिळतात, त्यात वेबसाइटवरची चित्रंही येतात. निवडायला एखादा रविवार जाईल, पण ग्राफ डोळ्यांना ओळखू येतात. काही फोटो अर्धे उघडतील, खालचा भाग राखाडी दिसेल. तेही टाकू नका. अर्धा ग्राफसुद्धा डिझाइन मास्तरांच्या उपयोगाचा असतो, कारण बऱ्याच डिझाइनमध्ये अर्ध्या भागाचंच उलटं रूप पुढे आलेलं असतं.

डिस्क नीट चालते आहे, फक्त फाइली पुसल्या आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या डेटा रिकव्हरी लॅबमध्ये जायची तुम्हाला गरज पडेल असं वाटत नाही. फोनवरून "तुमच्या कम्प्युटरचा ताबा द्या, आम्ही काढून देतो" म्हणणारे भेटले तर फोन ठेवा.

डाउनलोड्समध्ये आणखी काय काय असेल, आधारची पीडीएफ, बँकेचे स्टेटमेंट, मुलांचे निकाल, त्याची काळजी आत्ता करू नका. ते सगळं जिथून आलं तिथून पुन्हा उतरवता येतं. आधार संकेतस्थळावरून मिळतं, बरीच कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये असतात.

आता त्या चादरीच्या वाक्याकडे येते. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त आशा इथे वाटते, आणि तुमच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.

तुमच्या सासऱ्यांनी काढलेले ग्राफ कारखान्यात जाऊन कार्ड झाले, कार्डांवरून चादरी झाल्या. म्हणजे प्रत्येक वापरलेल्या डिझाइनच्या आणखी दोन प्रती जगात आहेत किंवा होत्या. एक म्हणजे कार्डांचा संच. दोऱ्यानं ओवलेली भोकांची कार्डं, गठ्ठा बांधून कारखान्याच्या माळ्यावर ठेवलेली. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवल्यावर असे गठ्ठे अडगळीत जातात आणि पुढे रद्दीत. ज्या कारखान्यांसाठी त्यांनी काम केलं तिथे जाऊन विचारा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत असोत की पूर्व भागातल्या गल्लीत असोत, मालकांना सांगा की विकत मागत नाही, फोटो काढून परत देते. त्यांच्याकडे जुने नमुने शिवलेली वहीसुद्धा निघू शकते.

दुसरी प्रत म्हणजे चादर. विणलेल्या कापडात ग्राफ धाग्या-धाग्यानं उतरलेला असतो. हातात भिंग घेऊन इंचाला किती धागे ते मोजून, एका डिझाइनचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा पकडून, जाणकार डिझायनर कापडावरून ग्राफ पुन्हा काढू शकतो. ते वेळखाऊ आहे, डोळे दुखवणारं आहे, पण हे काम करणारी माणसं आपल्या सोलापुरात आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणी ना कुणी तुमच्या सासऱ्यांसोबत बसून काम केलेलं असेल. पूर्व भागात सासऱ्यांच्या ओळखीच्या घरी विचारा. घरात तेलुगू बोलणारे जुने मास्तर तुमच्याशी मराठीत अगदी मायेनं बोलतील, आणि सासऱ्यांचं नाव निघालं की चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.

त्यासाठी चादरीचा फोटो नीट काढावा लागेल. दिवसा, सावलीच्या उजेडात, चादर जमिनीवर ताणून पसरा, सुरकुती राहू देऊ नका. मोबाइल बरोबर वरून धरा, तिरका नको. आधी डिझाइनचा एक पूर्ण तुकडा येईल असा फोटो. मग शाळेची पट्टी चादरीवर ठेवून तिच्या शेजारचा दोन-तीन इंचांचा भाग इतका जवळून की धागे वेगळे दिसावेत. मग चादर उलटी करून हेच पुन्हा. बऱ्याच सोलापुरी चादरींत उलट बाजूला तेच डिझाइन रंग अदलाबदल होऊन दिसतं, आणि झिजलेल्या चादरीत एका बाजूला पुसट झालेली रेघ दुसऱ्या बाजूला स्पष्ट मिळते. काठ आणि कोपरे वेगळे काढा, त्यांचा ग्राफ बऱ्याचदा निराळा असतो. चादरीवर कारखान्याचा शिक्का किंवा लेबल असेल तर त्याचाही फोटो.

हे खरं आहे की कारखान्यानं न घेतलेले, कधीच विणले न गेलेले ग्राफही असतील. ते फक्त कागदावर होते. त्यातला एखादा वाळवीच्या कागदांत असेल आणि मेल, दुकान, डिस्क, कुठेच मिळाला नाही, तर तो गेला. मी खोटी आशा लावत नाही. पण किती गेले हे आज तुम्हाला माहीत नाही, आणि यादी होईपर्यंत "सगळं गेलं" असं घरात कुणाला म्हणू देऊ नका, स्वतःलाही नाही.

पुढची काळजी थोडक्यात सांगते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याची सोय आहे, ती चालू करा. म्हणजे ग्राफ डाउनलोड्समध्ये पडणारच नाहीत. डी ड्राइव्हवर ठेवलं की सुरक्षित झालं असं समजू नका. तुमच्याकडे सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असणार, डिस्क गेली की दोन्ही जातात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि एक भाच्याकडे. गूगलची १५ जीबी फुकट जागा ग्राफसाठी चांगली पुरेल. विंडोज १० चे मोफत अपडेट सरसकट सगळ्यांना १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. त्यामुळे डिस्कमधून सगळं काढून झालं की तो कम्प्युटर इंटरनेटला जोडून वापरायचा का, याचा विचार भावजींसोबत बसून करा. नव्या विंडोज ११ मध्येही सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्सची ओळ आहे. तिच्यावर आपोआप टिक नसते, पण "सगळ्यावर टिक" करायची सवय असलेला माणूस तिथेही फसू शकतो. त्याच ठिकाणी स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स किती दिवसांनी साफ करायचं असं विचारतात, तिथे "कधीच नाही" आहे ना, हे प्रत्येक वाचकानं आज एकदा बघून घ्यावं.

राहिल्या सासूबाई. त्यांना आज सांगा. पुढच्या आठवड्यात नको, सगळं परत मिळाल्यावर नको, आज. घरात कुजबुज चालू आहे हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. भावजींच्या तोंडून अर्धवट कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून पूर्ण कळलेलं बरं. स्पष्टीकरणानं सुरुवात करू नका, विंडोजच्या आवृत्त्या त्यांना सांगायची गरज नाही. "आई, बाबांचे ग्राफ मी कम्प्युटरवर घेतले होते, ते माझ्या हातून पुसले गेले. काही परत मिळतील. त्यासाठी मला तुमची मदत पाहिजे." एवढंच. त्या रडतील, कदाचित रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत. ते होऊ द्या. नवऱ्याला त्या वेळी घरात थांबायला सांगा, आणि भावजींना त्यानंच एकदा समजावावं, ते काम तुमचं नाही.

मदत पाहिजे हे वाक्य मी दिलाशासाठी घातलेलं नाही, तुम्हाला ती खरोखर लागणार आहे. कुठल्या कारखान्यासाठी कुठलं डिझाइन काढलं, कुणाच्या लग्नात कुठली चादर आहेर म्हणून दिली, कुठल्या नणंदेच्या कपाटात ती अजून आहे, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी कुठल्या दुकानात बाबांचं डिझाइन टांगलेलं होतं, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात आहे. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि चार रकाने आखा: डिझाइनचं नाव किंवा खूण, कारखाना, अंदाजे साल, चादर कुणाकडे. त्या सांगतील त्या क्रमानं लिहा, मध्ये अडवू नका. तीच यादी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यांचे फोन सुरू करा, आणि दुपारी डिस्क दुरुस्तीवाल्याकडे द्या.